थंडीत सायकल चालवताना हात गरम कसे ठेवायचे : नव्या सायकलस्वारांसाठी

सायकलचे दोन्ही ब्रेक बोटांच्या जोरावर चालतात, आणि थंडीत सगळ्यात आधी दगा देतात तीही बोटंच. पाय पायडल मारून गरम राहतात, छाती-पाठीला तर घामही फुटतो. हँडलवरचे हात मात्र हलत नाहीत आणि सगळा वारा अंगावर घेतात. वीस-पंचवीस मिनिटांत बोटांची टोकं दुखायला लागतात, मग बधिर होतात. अशा वेळी कुत्रं आडवं आलं तर ब्रेक किती दाबला गेला याचा अंदाजच येत नाही. म्हणून हातांच्या उबेकडे मी आधी सुरक्षिततेचा प्रश्न म्हणून बघतो, आरामाचा नंतर.

हे लिहिलंय ते मुख्यतः आपल्याकडच्या थंडीसाठी. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पुणे, नाशिक, नगर, सातारा किंवा विदर्भात पहाटे बाहेर पडणाऱ्यांसाठी. लेहला जायचा बेत असणाऱ्यांसाठी आणि युरोपात रोज सायकलने ऑफिसला जाणाऱ्यांसाठीही पुढे थोडं आहे.

आधी कारण समजून घ्या

बोटं बारीक असतात. त्यांच्या आकारमानाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग खूप, त्यामुळे उष्णता झपाट्याने निसटते. शिवाय बोटांना स्वतःची भट्टी नाही. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात, बोटांपर्यंत फक्त त्यांचे कंडरे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, पोचतात. म्हणजे बोटांना ऊब मिळते ती जवळजवळ सगळी रक्तातून.

आणि हा रक्तपुरवठा शरीर हवा तेव्हा कमी करतं. धड गार पडतंय असं जाणवलं की हृदय, फुप्फुसं, यकृत या महत्त्वाच्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या टोकांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. पाणीटंचाईत नगरपालिका सगळ्यात आधी टोकाच्या वस्त्यांचं पाणी तोडते, तसंच हे. बोटांनी तक्रार केली तरी निर्णय धडाचा असतो.

नवे सायकलस्वार नेमके इथेच फसतात. बोटं गारठली की ते जाडजूड हातमोजे आणतात आणि अंगात मात्र पातळ टी-शर्टच असतो. हातमोजे ऊब तयार करत नाहीत, रक्ताने आणलेली ऊब फक्त धरून ठेवतात. रक्तच पोचत नसेल तर कितीही महागाचे हातमोजे घेतले तरी बोटं गारच राहणार. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये हातमोजे तिसऱ्या क्रमांकावर आहेत.

दुसरा शत्रू वारा. हवामान खात्यांची वारा आणि तापमान मिळून किती थंडी जाणवते हे काढण्याची एक पद्धत आहे. तिच्या हिशोबाने पारा १० अंशांवर असताना ताशी २५ किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला साधारण ७ अंशांची थंडी जाणवते. पारा ५ वर असेल तर तीच जाणीव जवळजवळ शून्यावर येते. वारा पडलेला असला तरी सायकलस्वार स्वतःच वारा तयार करतो. आपल्या वेगाइतका वारा समोरून येतोच. फाटकाशी उभं राहून ‘आज फारशी थंडी नाही’ असं म्हणणारा माणूस म्हणूनच दोन किलोमीटरनंतर पस्तावतो.

तिसरा शत्रू ओल. पाणी हवेपेक्षा जवळजवळ पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि घाम सुकताना त्वचेची ऊब घेऊन जातो ती वेगळीच. दव, धुकं, नाक पुसलेला हातमोजा, चढावर हाताला आलेला घाम, सगळ्यांचा परिणाम तोच.

पहिली पायरी : किती वाजता आणि कुठून, हे ठरवा

यात एक पैसा खर्च होत नाही, म्हणून बहुधा कुणी सांगत नाही. दिवसाचं सगळ्यात कमी तापमान मध्यरात्री नसतं, ते सूर्योदयाच्या आसपास असतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेपाचला निघालात तर पुढचा दीड तास थंडी वाढतच जाते. सव्वासातला निघालात तर प्रत्येक किलोमीटरला ती कमी होत जाते. ऑफिसची घाई नसेल, रविवार असेल, तर पहिल्या हिवाळ्यात उन्हाबरोबर निघा. अंधारातल्या राईडची हौस दुसऱ्या हिवाळ्यात फेडता येते.

रस्ताही महत्त्वाचा. गार हवा जड असते, ती रात्रभर उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागी साचते. नदीकाठ, तलावाचा परिसर, ओलिताखालची शेतं इथे आजूबाजूपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त गारठा मिळतो. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत साधी थंडी असते तेव्हा वेण्णा तलावाकाठी दवाचं हिमकणांत रूपांतर झाल्याच्या बातम्या येतात, त्या यामुळेच. निफाडचंही तसंच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला पारा थंडीच्या लाटेत पाच अंशांच्या खाली जातो, आणि द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात. नाशिक शहरातून तिकडे सायकलने जाणाऱ्याने शहराच्या तापमानावर विसंबून राहू नये.

दुसरी पायरी : धड, मान, कान, मनगट

छातीवर वारा अडवणारा एक थर हवाच. बिनबाह्यांचं विंडचीटर जाकीट यासाठी सगळ्यात उत्तम. घडी करून जर्सीच्या मागच्या खिशात मावतं आणि काखेतून घामाची वाफ बाहेर जाते. ते नसेल तर वर्तमानपत्राची चार पानं जर्सीच्या आत छातीवर सपाट ठेवा. युरोपातले शर्यतीतले सायकलपटू घाट उतरण्यापूर्वी प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन असंच छातीशी ठेवत. कागद वारा अडवतो, थोडा घाम शोषतो, आणि नको झाला की काढून खिशात टाकता येतो.

अंगाला लागून असलेला थर सुती नको. सुती बनियन घाम पिऊन बसतं आणि थांबलात की बर्फासारखं गार पडतं. खेळाच्या दुकानात मिळणारा पातळ पॉलिस्टरचा बनियन चालतो, मेरिनो लोकरीचा मिळाला तर फारच छान. निघताना किंचित गार वाटलं पाहिजे. घरातून निघतानाच ऊबदार वाटत असेल तर पहिल्या चढावर घामाने भिजणार हे नक्की.

मग मान आणि कान. गळ्यात एक बफ (नळीसारखा ताणणारा गळपट्टा), हेल्मेटखाली पातळ कानटोपी. जाड माकडटोपी नको, हेल्मेट नीट बसत नाही.

मनगट हे बहुतेकांचं विसरलेलं ठिकाण. तिथे त्वचा पातळ असते, रक्तवाहिन्या अगदी वर असतात, आणि बाहीचं टोक व हातमोज्याचं टोक यांच्यामध्ये दोन बोटांची फट राहतेच. हँडल धरायला हात पुढे केले की ती आणखी मोठी होते आणि वारा थेट बाहीत शिरतो. अंगठ्यासाठी भोक असलेल्या लांब बाह्यांची जर्सी घ्या, किंवा जुन्या लोकरी मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी मनगटावर चढवा. हातमोज्याचं टोक तिच्यावर आलं पाहिजे. शक्य तिथे मी नव्या माणसाला आधी ही नळी वापरून बघायला सांगतो, नवे हातमोजे नंतर. अनेकांचं एवढ्यावर भागतं.

आणि उपाशीपोटी निघू नका. शरीर ऊब तयार करतं ती खाल्लेल्या अन्नातून. निघण्याआधी एखादं केळं, तिळाचा किंवा डिंकाचा लाडू पोटात असू द्या, दोन तासांच्या वरची राईड असेल तर खिशात शेंगदाण्याची चिक्की. सिगारेटने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे निघण्याआधीची सिगारेट थेट बोटांवर येते. दारूने उलटं होतं. त्वचेला ऊब वाटते, पण ती धडाची ऊब बाहेर पडत असल्यामुळे. आदल्या रात्री घेतलेली दारूसुद्धा पहाटेच्या राईडला मदत करत नाही.

तिसरी पायरी : हातमोजे

विकत घेताना एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा : घट्ट हातमोजा गार हातमोजा. लोकरीची किंवा फ्लीसची ऊब तिच्यात अडकलेल्या हवेची असते. बोटं दाबून बसली की हवाही जाते आणि रक्तही अडतं. हातमोजा घालून दुकानातच मूठ वळा. बोटांची टोकं शिवणीला टेकत असतील तर एक माप मोठा घ्या. बोटं आतल्या आत वळवळता आली पाहिजेत. दुकानात सायकली असतील तर एखादीचा ब्रेक दाबून आणि गिअर बदलून बघा. फार जाड हातमोज्यात बोट नेमक्या लिव्हरवर, म्हणजे ब्रेक-गिअरच्या दांडीवर, जात नाही, आणि मग ऊब मिळूनही ब्रेक उशिराच लागतो.

किती थंडीला काय, याचा माझा अंदाज असा. पारा १५ च्या वर असेल तर नेहमीचे अर्ध्या बोटांचे हातमोजे पुरतात. १० ते १५ मध्ये पूर्ण बोटांचे पातळ हातमोजे, मात्र हाताच्या पाठीवर वारा अडवणारं कापड हवं, तळव्याकडे नसलं तरी चालतं कारण तळवा हँडलवर टेकलेला असतो. ५ ते १० मध्ये दोन थर : आत पातळ विणलेला हातमोजा, वर वारारोधक. पाचाच्या खाली बोटं सुटी असण्यापेक्षा एकत्र असलेली बरी, म्हणजे दोन-दोन बोटांच्या जोड्यांसाठी शिवलेले हातमोजे. एकमेकांना टेकलेली बोटं उशिरा गारठतात. पण प्रत्येकाचे हात वेगळे. बायकांचे आणि सडपातळ माणसांचे हात बऱ्याचदा आधी गारठतात, त्यांनी या आकड्यांमध्ये तीन-चार अंश मिळवावेत.

महागाचंच घ्यायला हवं असं नाही. थंडीत पुण्या-नाशकात तिबेटी स्वेटरवाल्यांचे स्टॉल लागतात, तिथे लोकरी हातमोजे स्वस्तात मिळतात. दोन अडचणी असतात : विणीतून वारा आरपार जातो आणि लोकर ब्रेकवर घसरते. तळव्याला रबरी ठिपके असलेले निवडा म्हणजे घसरण्याचा प्रश्न मिटतो. वाऱ्यासाठी मेडिकलच्या दुकानातून नायट्राइलचे निळे हातमोजे आणा, डॉक्टर तपासताना घालतात ते. आपल्या मापापेक्षा एक माप मोठे घ्या आणि लोकरी मोज्याच्या आत घाला. त्यांच्यातून वारा मुळीच जात नाही. घामही बाहेर जात नाही, त्यामुळे तासाभराने हात दमट होतात, पण वरची लोकर कोरडी राहते आणि ऊब टिकते. दोन तासांच्या आतल्या राईडसाठी हा जोड मला दुकानातल्या मध्यम दर्जाच्या हातमोज्यांपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. चार-पाच तासांसाठी नाही. मध्ये थांबून नायट्राइल काढावा लागतो, आणि ओल्या हाताला वारा लागला की सगळी कमाई जाते.

दाट धुकं किंवा अवकाळी पाऊस असेल तर लोकरी मोज्यावरून भांडी घासायचे मोठ्या मापाचे रबरी हातमोजे चढवा. पहाटे घरोघरी पेपर आणि दूध पोचवणारी माणसं प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला गुंडाळून हेच तत्त्व वापरतात, आणि त्यांचे हात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हिवाळे काढलेले असतात. पिशवी मात्र ब्रेकवर घसरते, त्यापेक्षा रबर बरं.

सरळ हँडलची सायकल असेल आणि रोज पहाटे त्याच रस्त्याने कामावर जायचं असेल, तर मोटारसायकलच्या अॅक्सेसरीजच्या दुकानात मिळणारी हँडलवर कायमची बसवायची रेक्झीनची कव्हरं पाहा. हात आत सरकवायचा, ब्रेक आणि गिअर आतच. ही गोष्ट दिसायला बोजड असली तरी उबेच्या बाबतीत हातमोज्यांना मागे टाकते, कारण हाताभोवतीचा सगळा वारा थांबतो आणि आत पातळ हातमोजा पुरतो. बसवल्यावर दोन गोष्टी तपासा : लिव्हर पूर्ण दाबला जातो का, आणि हात झटक्यात बाहेर येतो का. पडताना हात अडकता कामा नये.

बाजारात हात गरम करणाऱ्या पुड्याही मिळतात. त्यांत लोखंडाची पूड, मीठ आणि कोळशाची भुकटी असते, हवा लागली की लोखंड गंजतं आणि त्या गंजण्याची उष्णता मिळते. पुडी निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं फोडून हवेत ठेवा. घट्ट हातमोज्यात हवाच मिळाली नाही तर ती तापत नाही. तळव्यात ठेवू नका, पकड जाते. दोन थरांच्या मध्ये, हाताच्या पाठीवर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवा, उघड्या त्वचेवर नको. महाराष्ट्रातल्या थंडीला खरं तर तिची गरज पडू नये. बॅटरीच्या हातमोज्यांची तर नाहीच.

बाम, मोहरीचं तेल, व्हॅसलीन चोळून निघणारेही भेटतात. तेलाने आणि व्हॅसलीनने त्वचा फुटत नाही एवढाच फायदा, ऊब मिळत नाही. बाम तर लावूच नका, घाम पुसताना डोळ्यात गेला तर चालू सायकलवर डोळे मिटावे लागतील.

चौथी पायरी : सायकलकडेही बघा

ब्रेकचे लिव्हर बहुधा अॅल्युमिनियमचे असतात, आणि अॅल्युमिनियम बोटातली उष्णता भराभर ओढून घेतं. रात्रभर गॅलरीत उभ्या असलेल्या सायकलचा लिव्हर पहाटे हात लावून बघा, लगेच कळेल. बोट टेकतं तेवढ्या भागावर बॅडमिंटन रॅकेटच्या ग्रिपचा एक पातळ वेढा द्या. लिव्हरच्या बिजागरापासून दूर, म्हणजे हालचाल अडणार नाही. शक्य असेल तर सायकल रात्री घरात घ्या.

मुरडलेल्या हँडलवर बार टेपचे (हँडलला गुंडाळायच्या पट्टीचे) दोन थर, सरळ हँडलवर जाड फोमची ग्रिप. धातूचा उघडा भाग हाताखाली राहू नये.

जाड हातमोजे घालून लिव्हरपर्यंत बोटं पोचायला वेळ लागतो. बहुतेक लिव्हरना अंतर कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू असतो. हिवाळ्यात लिव्हर थोडा जवळ आणा, पण पूर्ण दाबल्यावर तो हँडलला टेकत नाही हे पाहा. केबलचे ब्रेक असतील तर केबलला तेल द्या. गारठलेल्या बोटांना कडक ब्रेक दाबवत नाही.

पाचवी पायरी : निघताना आणि रस्त्यावर

हातमोजे घरातच घाला, हात गरम असताना. बाहेर जाऊन कुलूप काढून, हवा तपासून, लाइट लावून मग हातमोजे घालायचे ही सवय मोडा. गार झालेले हात हातमोज्यात घातले तर तो गारठाही आत कोंडला जातो. हवा-लाइट-कुलूप हे सगळं आदल्या रात्री. निघण्याआधी पाच मिनिटं जागेवर उड्या, दोन-तीन सूर्यनमस्कार, जिन्याच्या चढ-उतार, काहीही करा, पण अंग गरम करून निघा.

पहिली पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट असतात. या वेळात हलक्या गिअरमध्ये पाय भराभर फिरवा, वेग मात्र कमी ठेवा. अंग तापतं आणि वारा कमी लागतो. मग हळूहळू वेग वाढवा.

हँडल आवळून धरू नका. थंडीत खांदे आपोआप कानाकडे जातात आणि मुठी आवळल्या जातात, त्यात तळव्यातला रक्तप्रवाह अडतो. दर पाच-दहा मिनिटांनी पकड बदला, एका वेळी एका हाताची बोटं उघडझाप करा. रस्ता रिकामा आणि सपाट असेल तरच एक हात सोडून पाठीमागे, वाऱ्याच्या आडोशाला न्या.

हातमोजा रस्त्यात काढावा लागणार नाही अशी सोय करून ठेवा. चिक्कीचं वेष्टन घरीच फोडून ठेवा. फोन पुन्हा पुन्हा काढू नका. नाक गळणारच, त्यासाठी अंगठ्यावर टॉवेलचं कापड असलेले हातमोजे मिळतात. नाहीतर मनगटावर एक छोटा रुमाल बांधा.

सहावी पायरी : घाट

नव्या सायकलस्वाराचे हात खरे गारठतात ते घाट उतरताना, आणि त्याला वाटतं की वेगामुळे. वेगाचा वाटा असतोच, पण वर सांगितलेल्या हिशोबाने १० अंशांत वारा २५ वरून ४० झाला तर जाणवणारी थंडी आणखी अंशभरच वाढते. मोठा फरक पडतो तो शरीराची भट्टी बंद झाल्याने. चढताना पायडलवर १५० वॅट जोर लावत असाल तर शरीर त्याच्या तिपटीहून जास्त उष्णता बाहेर टाकत असतं. माथ्यावर पायडल थांबलं की ही उष्णता जवळजवळ विश्रांतीच्या पातळीवर येते, आणि अंगावर असतो तो चढावरचा घाम. म्हणजे भट्टी विझलेली, कपडे ओले, समोर वारा, आणि याच वेळी हातांना सतत ब्रेक दाबायचाय.

सिंहगडाचं उदाहरण घ्या. पुण्यातला जवळजवळ प्रत्येक नवा सायकलस्वार पहिल्या हिवाळ्यात तिकडे जातो. पायथ्यापासून आठ-नऊ किलोमीटरचा खडा चढ, वर गड सुमारे १,३०० मीटर उंचीवर. चढताना हातमोजे नकोसे होतात, तेव्हा ते काढून खिशात ठेवा. घामात भिजवू नका. जाकिटाची चेनही पूर्ण उघडा, किंवा ते काढाच. वर पोचल्यावर भजी आणि पिठलं-भाकरीच्या आधी एक काम करा : ओला बनियन बदला. दुसरा कोरडा बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेला तर त्याचं वजन जाणवतही नाही. मग जाकीट, बफ, कोरडे हातमोजे, आणि त्यानंतर खाणं. खाऊन झाल्यावर दोन-तीन मिनिटं चालत जाऊन अंग पुन्हा गरम करा, आणि मगच उतरायला लागा. उतरतानाही मधूनमधून पायडल मारत राहा.

वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणीला जाणाऱ्यांनाही हेच. तिथे घाट सुमारे १२ किलोमीटरचा, म्हणजे उतरणंही लांबलचक. मध्ये एखाद्या रुंद वळणावर सुरक्षित जागा बघून थांबा, बोटं तपासा आणि मग पुढे जा.

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत कापायच्या राईडमध्ये, उतरायचं ठरवत असाल तर, २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात, त्यात दहा मिनिटं हात गरम करण्यात गेली तर काही बिघडत नाही. ३०० आणि त्यापुढच्या अंतरांत रात्र आली की कोरड्या हातमोज्यांची दुसरी जोडी सोबत असलीच पाहिजे.

बोटं बधिर झालीच तर

चाचणी सोपी आहे. अंगठ्याने त्याच हाताच्या करंगळीचं टोक टेकवा. जमत नसेल किंवा टेकल्याचं कळत नसेल तर सायकल थांबवायची, रस्त्याच्या कडेला उतरायचं. घर दोन किलोमीटरवर असलं तरी.

थांबल्यावर हात पूर्ण सरळ करून खांद्यापासून गोलगोल फिरवा, जोरात, वीस-तीस वेळा. फिरण्याच्या जोराने रक्त बोटांकडे ढकललं जातं. मग हातमोजे काढून हात काखेत धरा, जाकिटाच्या आत. टपरी जवळ असेल तर चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसा. शेकोटी दिसली तर अंग शेका, पण बधिर बोटं जाळाजवळ नेऊ नका, भाजलेलं कळतच नाही. रक्त परत येताना बोटांत ठणका लागतो, कधी डोळ्यांत पाणी येईल इतका. तो काही मिनिटांत जातो. हात आपटू नका, घासू नका. घरी पोचल्यावर कोमट पाणी चालेल, कढत नको. फार गार बोटं एकदम गरम केली तर नंतर लाल, सुजलेले, खाजणारे चट्टे उठू शकतात.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एवढीच बधिर होत असतील तर थंडीला दोष देऊ नका. तळव्याच्या बाहेरच्या कडेतून जाणारी नस हँडलवर दाबली जाते तेव्हा असं होतं, आणि ते मे महिन्यातही होईल. सीट पुढे झुकलेली आहे का, हँडल फार खाली आहे का हे जाणत्या माणसाकडून बघून घ्या.

काही जणांची बोटं थंडीत पांढरीफटक, मग निळसर आणि मग लाल होतात, पांढऱ्या भागाची कडाही स्पष्ट दिसते. या विकाराचं वर्णन मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये केलं, त्याला त्याचंच नाव आहे. असं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर तिनेही हात गार पडू शकतात. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. मधुमेह असणाऱ्यांना बोटांची संवेदना आधीच कमी असू शकते, त्यांनी ‘दुखत नाही म्हणजे ठीक’ असं धरू नये आणि पाण्याचा गरमपणा कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने तपासावा.

लेह आणि परदेश

दर हजार मीटर उंचीला हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. मनाली-लेह रस्त्यावर बारालाचा ला सुमारे ४,९०० मीटरवर आणि तांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर आहे. ऑगस्टमध्येही खिंडीत हिमवर्षाव होऊ शकतो. तिथे दोन थर, वरून पाणीरोधक हातमोजा आणि एक सुटी जोडी, एवढं किमान. उंचीवर हवेत प्राणवायू कमी, त्यामुळे लोखंडाच्या पुड्या तिथे मंद तापतात, त्यांच्यावर सगळी मदार ठेवू नका. बोटाची त्वचा मेणासारखी पांढरी आणि कडक झाली, दाबूनही काही कळेनासं झालं, तर ते हिमदंशाचं लक्षण आहे. चोळायचं नाही, स्टोव्हवर शेकायचं नाही, पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवायचंही नाही. गाडीत बसून दवाखाना गाठायचा.

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना वेगळा त्रास असतो. तिथे कोरड्या उणे पाच अंशांपेक्षा पावसातले अधिक तीन अंश हातांना जास्त छळतात. ऑफिसच्या खणात दुसरी कोरडी जोडी ठेवा. सकाळचे भिजलेले हातमोजे घालून संध्याकाळी परतू नका.

घरी आल्यावर

हातमोजे आतून उलटे करून पंख्याखाली वाळत घाला. ओले हातमोजे बॅगेत राहिले की दुसऱ्या दिवशी दमटच निघतात, आणि वासही मारतात. आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने गार पाण्यात धुवा. कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, त्याचा थर बसून कापडाचा पाणी झटकण्याचा गुण जातो. लोकरी हातमोजे पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट पसरा, नाहीतर आकसून घट्ट होतील. नायट्राइलचा जोड दोन-तीन राईडनंतर बदला, बोटांच्या टोकाला बारीक चीर पडलेली असते ती सहसा दिसत नाही. तोंडाने फुगवून बघा, हवा निसटत असेल तर तो टाकून द्या.